रुग्णवाहिकेतील माणसे

आपल्या वार्षिकाच्या अखेरच्या पानांत 'शालावृत्त' छापण्याची प्रथा जुनी आहे. कोणते शिक्षक नव्याने रुजू झाले, कोणाची बदली झाली, कोणास बढती मिळाली, कोण प्रदीर्घ सेवेनंतर निवृत्त झाले, याची ती साधी नोंद असते. परक्या वाचकास ती रुक्ष वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्यांनी त्या शिक्षकांच्या हाताखाली धडे गिरविले, ते विद्यार्थी मासिक हाती पडताच आधी तीच पाने उघडतात. कारण शाळेची खरी हकिगत तेथील माणसांच्या हकिगतीतच असते, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

असेच एक वृत्त रुग्णवाहिका-सेवेचेही असते. तेथेही नवे उमेदवार शिकून तयार होतात, कोणी एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर जातो, कोणी अनुभवाने शिक्षक होतो, कोणी थकून नोकरी सोडतो. परंतु हे वृत्त आपल्या कानी येत नाही. आपल्या इंदुरातील पलासिया किंवा रीगल चौकातून भोंगा वाजवीत जाणारी पांढरी गाडी आपण रोज पाहतो. गाडीत कोण बसले आहे, ते काय शिकले आहेत आणि त्यांची पाळी केव्हा सुरू झाली, हा प्रश्न मात्र आपल्या मनात क्वचितच उभा राहतो. या लेखात आम्ही त्या माणसांचीच ओळख करून देण्याचे योजिले आहे. ही ओळख केवळ कुतूहलासाठी नाही. गाडी कितीही उत्तम असली तरी तिचा उपयोग होणे अथवा न होणे हे शेवटी शिकलेल्या माणसांवर, आणि काही अंशी रस्त्यावरील तुम्हा-आम्हांवर, अवलंबून असते, असे आम्हांस वाटते.

प्रथम शब्दाकडे पाहू. 'अँब्युलन्स' हा शब्द 'चालणे' या अर्थाच्या लॅटिन धातूपासून निघाला आहे. फ्रेंच सैन्याच्या मागोमाग हिंडणाऱ्या इस्पितळास 'चालते इस्पितळ' म्हणत आणि त्यातील 'चालते' हाच शब्द पुढे एकटा उरला. एकोणिसाव्या शतकात तो जखमींना वाहून नेणाऱ्या गाडीस लावला जाऊ लागला. म्हणजे या शब्दाचा मूळ अर्थ गाडी असा नव्हता. वैद्य, त्याचे मदतनीस आणि त्यांचे साहित्य मिळून जे इस्पितळ बनते, ते रुग्णाकडे चालत जाते, असा होता. ही कल्पना ध्यानात ठेविली तर पुढील सर्व इतिहास समजावयास सोपा जातो.

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपातील रणांगणावर जखमी झालेला शिपाई बहुधा लढाई संपेपर्यंत जागच्या जागी पडून राही. दॉमिनिक लारे या तरुण फ्रेंच शस्त्रवैद्यास हे सहन झाले नाही. घोड्यांनी ओढलेला तोफखाना किती चपळाईने जागा बदलतो हे त्याने पाहिले, आणि तोफा जर इतक्या त्वरेने जाऊ शकतात तर वैद्य का नाही, असा प्रश्न त्याने स्वतःस विचारला. १७९२ च्या सुमारास त्याने हलक्या घोडागाड्यांची एक योजना आखली आणि तिला 'उडते इस्पितळ' असे नाव दिले. त्या गाड्यांबरोबर शस्त्रवैद्य व मदतनीस यांचे शिकविलेले पथक असे, आणि हेच त्या योजनेचे मर्म होते. पुढे नेपोलियनच्या सैन्यात काम करताना लारेने आणखी एक नियम कसोशीने पाळला. ज्याची जखम अधिक गंभीर त्यास आधी उपचार. मग तो सेनापती असो वा साधा शिपाई, आपला असो वा शत्रूचा. आजही अपघाताच्या जागी अनेक जखमी असतील तेव्हा रुग्णवाहिकेचे कर्मचारी याच तत्त्वाने क्रम लावतात.

त्यानंतर सुमारे सहा दशकांनी, २४ जून १८५९ रोजी, उत्तर इटलीत सोल्फेरिनो येथे मोठी लढाई झाली. आँरी द्युनां नावाचा स्वित्झर्लंडचा एक व्यापारी आपल्या कामानिमित्त त्या भागात आला होता. हजारो जखमींची दुर्दशा पाहून त्याने जवळच्या कास्तिल्योने गावातील स्त्रियांना एकत्र केले आणि कोण कोणत्या राष्ट्राचा हे न विचारता शुश्रूषा सुरू केली. या अनुभवावर त्याने १८६२ मध्ये पुस्तक लिहिले. त्यातून १८६३ मध्ये रेडक्रॉसची चळवळ जन्मास आली आणि १८६४ च्या जिनीव्हा कराराने रुग्णवाहिका व तिचे कर्मचारी यांना रणांगणावर संरक्षण मिळाले. शांततेचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ मध्ये ज्या दोघांना विभागून मिळाले, त्यांपैकी द्युनां एक होता.

आपल्या देशातील माणसांनीही या कामी लवकरच हात घातला, आणि तोही परक्या भूमीवर. १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध सुरू झाले तेव्हा तेथे वकिली करणाऱ्या मोहनदास करमचंद गांधी यांनी हिंदी लोकांचे रुग्णवाहक पथक उभारले. त्यात सुमारे १,१०० माणसे होती. त्यांपैकी सुमारे ३०० स्वतंत्र हिंदी रहिवासी होते, तर उरलेले बहुतेक करारबद्ध मजूर होते. या पथकाजवळ मोटारी नव्हत्या. जखमींना डोलीवर घालून खांद्यावरून न्यावयाचे असे. परंतु काम सुरू करण्यापूर्वी या माणसांनी डॉ. बूथ यांच्याकडून शुश्रूषेचे शिक्षण घेतले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तोफांच्या माऱ्यात जाण्याची अट त्यांच्यावर नव्हती. तरीही जानेवारी १९०० मध्ये स्पायन कोपच्या लढाईत सेनापतीने विनंती केली, तेव्हा ते प्रत्यक्ष रणांगणात गेले. काही दिवशी डोली खांद्यावर घेऊन त्यांनी वीस-पंचवीस मैलांची मजल मारली. तेच गांधीजी पुढे १९१८ मध्ये आणि पुन्हा १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून आपल्या इंदुरास आले. येथील वैद्यकीय महाविद्यालय आज त्यांचे नाव धारण करते. हे महाविद्यालय १९४८ मध्ये स्थापन झाले. त्याची परंपरा मात्र १८७८ मध्ये इंदुरात सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेपर्यंत मागे जाते.

युद्धभूमीवर जे सुचले ते शहरांच्या रस्त्यांवर यावयास पुष्कळ काळ लागला. आश्चर्याची गोष्ट अशी की, संपन्न अमेरिकेतही १९६० च्या दशकापर्यंत बऱ्याच गावी रुग्णास इस्पितळात नेण्याचे काम पोलिसांची गाडी किंवा शववाहिका करी. रुग्णास गाडीत घालून वेगाने हाकणे एवढेच त्यांना ठाऊक होते. वाटेत श्वास थांबला तर काय करावे हे ठाऊक नव्हते. पिट्सबर्ग शहराचे माजी महापौर डेव्हिड लॉरेन्स हे १९६६ मध्ये एका सभेत कोसळले आणि पोलिसांच्या गाडीतून अशाच रीतीने इस्पितळात पोहोचले. ते वाचले नाहीत. याच शहरात पीटर सफार हे भूलतज्ज्ञ डॉक्टर होते. श्वास व हृदय थांबलेल्या माणसास तोंडाने श्वास देऊन व छाती दाबून जगविण्याची आजची पद्धत रूढ करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

सफार यांच्या साहाय्याने १९६७ मध्ये पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्ट या गरीब वस्तीत 'फ्रीडम हाउस' नावाची रुग्णवाहिका-सेवा सुरू झाली. तिच्यात घेतलेले तरुण कृष्णवर्णीय होते. अनेकांना नोकरी नव्हती, काहींचे शालेय शिक्षणही पुरे झालेले नव्हते. त्यांना सुमारे ३०० तासांचे वैद्यकीय शिक्षण देण्यात आले. शरीररचना, श्वासमार्ग मोकळा करणे, रक्तस्राव थांबविणे, हृदयविकाराची लक्षणे ओळखणे, हे सर्व त्यांनी आत्मसात केले आणि ते इतके उत्तम काम करू लागले की त्यांची पद्धत इतर शहरांसाठी नमुना ठरली. पुढे १९७५ मध्ये नगरपालिकेने स्वतःची सेवा सुरू केली, फ्रीडम हाउस बंद झाले आणि त्या जुन्या कर्मचाऱ्यांपैकी बहुतेक जण नव्या सेवेत फार काळ टिकू शकले नाहीत. त्यांची नावे कित्येक वर्षे कोणी घेतली नाहीत. एखाद्या सेवेचे वृत्त कोणी लिहून ठेविले नाही म्हणजे काय होते, याचे हे उदाहरण आम्हांस बोधप्रद वाटते. ज्यांनी पाया घातला तेच विस्मरणात जातात.

आता आपल्या देशाकडे वळू. भारतात पूर्वी रुग्णवाहिका नव्हत्या असे नाही. रेडक्रॉस, सेंट जॉन अँब्युलन्स, नगरपालिका, धर्मादाय संस्था आणि मोठी इस्पितळे यांच्या गाड्या होत्या. परंतु सर्व प्रांतभर एकाच क्रमांकावर, रात्री-अपरात्री, मूल्य न घेता धावून येणारी सेवा नव्हती. अशी सेवा १५ ऑगस्ट २००५ रोजी आंध्र प्रदेशात सुरू झाली आणि १०८ हा क्रमांक तेव्हापासून लोकांच्या मुखी झाला. मध्य प्रदेशात ती २००९ मध्ये आली. महाराष्ट्रात २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी तिचा आरंभ झाला आणि तेथे प्रत्येक गाडीबरोबर डॉक्टर देण्याची पद्धत ठेविली गेली. आपल्या राज्यात एप्रिल २०२२ मध्ये या सेवेचा विस्तार होऊन गाड्यांची संख्या २,०५२ झाली. त्यांपैकी १६७ प्रगत जीवरक्षक, ८३५ मूलभूत जीवरक्षक, आणि १,०५० 'जननी' नावाच्या, म्हणजे गरोदर स्त्रियांना प्रसूतीसाठी नेणाऱ्या व परत घरी पोहोचविणाऱ्या, अशा होत्या.

येथे 'प्रगत' आणि 'मूलभूत' यांतील भेद सांगणे अवश्य आहे. मूलभूत गाडीत प्राणवायूचे सिलिंडर, स्ट्रेचर, घशातील स्राव ओढून घेण्याचे यंत्र, मोडलेल्या हाडास आधार देण्याच्या फळ्या, मानेचा पट्टा, रक्तदाबमापक आणि प्रसूतीचे साहित्य असते. प्रगत गाडीत याखेरीज कृत्रिम श्वसनाचे यंत्र, हृदयाची गती सतत दाखविणारा पडदा आणि बिघडलेल्या हृदयगतीस विजेचा झटका देऊन ताळ्यावर आणणारे यंत्र असते. साध्या अस्थिभंगासाठी प्रगत गाडी अडकून पडली तर त्याच वेळी हृदयविकाराच्या झटक्याने तळमळणाऱ्या दुसऱ्या रुग्णास ती मिळत नाही. म्हणून कोणती गाडी कोठे पाठवावयाची हा निर्णय मोठ्या जबाबदारीचा असतो, आणि तो घेणारी माणसे आपल्या दृष्टीस कधीच पडत नाहीत.

ही न दिसणारी माणसे नियंत्रण कक्षात बसतात. मध्य प्रदेशातील १०८ चा नियंत्रण कक्ष भोपाळ येथे आहे. म्हणजे आपण इंदुरात राजवाड्यापाशी उभे राहून हा क्रमांक फिरविला, तरी उत्तर देणारी व्यक्ती जवळपास दोनशे किलोमीटर दूर असते. तिने कदाचित आपला राजवाडा कधी पाहिलेलाही नसेल. तिच्यासमोर पडदा असतो, कानांत आपला घाबरलेला आवाज असतो आणि हाताशी असतात ते थोडे क्षण. तेवढ्यात तिला चार गोष्टी जाणून घ्यावयाच्या असतात: काय घडले, कोठे घडले, रुग्ण शुद्धीवर आहे काय, श्वास चालू आहे काय. माणूस भयभीत झाला की तो ओरडतो, एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतो, किंवा 'लवकर या' एवढेच सांगून फोन ठेवतो. अशा वेळी स्वतः न चिडता, आवाज न चढविता, समोरच्याकडून नेमका पत्ता काढून घेणे ही एक कलाच होय. या कामी तिला कक्षातील डॉक्टरांचा सल्ला उपलब्ध असतो.

यावरून पत्ता सांगण्याची रीत आपण सर्वांनी शिकावयास हवी. 'मंदिराजवळ या' असे म्हटल्याने काही कळत नाही. इंदुरात मंदिरे थोडी का आहेत? गावाचे नाव, वस्तीचे नाव, मोठा रस्ता किंवा चौक, मग ओळखीची खूण आणि शेवटी घर, अशा क्रमाने सांगावे. रामबाग, नारायण बाग, परदेशीपुरा, सुदामानगर अशी वस्तीची नावे स्पष्ट उच्चारावीत. ज्या फोनवरून बोललो तो मोकळा ठेवावा, कारण गाडीचा चालक त्यावरच उलट फोन करतो. शक्य असल्यास एकाने गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहावे. शाळकरी मुलासही सहज करता येण्याजोगे हे काम आहे, आणि त्याने वाचलेली दोन मिनिटे कधी कधी फार मोलाची ठरतात.

गाडीवरील पहिला कर्मचारी म्हणजे चालक. या सेवेत त्यास 'पायलट' म्हणण्याची पद्धत आहे, आणि ती केवळ मोठेपणासाठी नाही. साध्या मोटारचालकास लवकर पोहोचावयाचे असते. यास लवकर पोहोचूनही आतील रुग्णास धक्का बसू द्यावयाचा नसतो. पाठीचा कणा दुखावलेल्या माणसास एका जोरदार खड्ड्याने कायमची इजा होऊ शकते. मागे तंत्रज्ञ उभा राहून सुई टोचीत असेल तर अचानक दाबलेला ब्रेक दोघांनाही घातक ठरतो. सियागंज किंवा सराफ्याजवळील अरुंद रस्त्यांत संध्याकाळी गाडी कशी काढावी, कोणता रस्ता खोदला आहे, रंगपंचमीच्या गेरीच्या दिवशी राजवाड्याच्या बाजूने जाता येणार नाही, हे सर्व त्याच्या डोक्यात असावे लागते. आग्रा-मुंबई रस्त्यावर मानपूरच्या पुढे गणेश घाटाचा उतार अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. तशा ठिकाणी गाडी कोठे उभी करावी, जेणेकरून मागून येणारा ट्रक आपल्यावरच आदळणार नाही, हेही त्याला ठरवावे लागते. रुग्ण उचलण्यास तंत्रज्ञाला हात देणारा दुसरा माणूस बहुधा तोच असतो.

दुसरा कर्मचारी म्हणजे आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्यास 'ईएमटी' म्हणतात. तो डॉक्टर नसतो. तथापि इस्पितळाचे दार येईपर्यंत रुग्णाचा सर्व भार त्याच्यावरच असतो. तो रुग्णाजवळ पोहोचला की ठरलेल्या क्रमाने पाहतो: आधी श्वासाचा मार्ग मोकळा आहे काय, मग श्वास चालू आहे काय, मग रक्ताभिसरण कसे आहे. पायाचे मोडलेले हाड डोळ्यांना भयंकर दिसते, पण घशात अडकलेली जीभ माणसाचा प्राण त्याआधी घेते. म्हणून जे अधिक भयंकर दिसते त्यामागे न धावता जे अधिक घातक आहे ते आधी हाताळणे, हा त्याच्या शिक्षणाचा पहिला धडा होय. वाहत्या जखमेवर दाब देणे, मानेस पट्टा बांधणे, प्राणवायू लावणे, डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध देणे, आणि वेळ आली तर चालत्या गाडीतच प्रसूती करविणे, ही त्याची कामे. जन्मलेले मूल कोरडे करून आईच्या छातीशी उबेत ठेवावयाचे, हेही त्याने शिकलेले असते.

इस्पितळ आले म्हणजे काम संपले असे नाही. आपल्याकडे महाराजा यशवंतराव इस्पितळासारख्या मोठ्या ठिकाणी गाड्यांची रीघ असते. तेथे रुग्ण स्वाधीन करताना काय घडले, किती वाजता घडले, वाटेत काय दिले, रक्तदाब किती होता, हे तंत्रज्ञाने नेमके सांगावे लागते. कारण पुढील डॉक्टरांचा पहिला निर्णय त्यावर ठरतो. मग गाडी धुऊन जंतुरहित करावयाची, चादर बदलावयाची, प्राणवायू किती उरला ते पाहावयाचे, वापरलेल्या साहित्याची भर घालावयाची आणि नोंदवही पूर्ण करावयाची. मागच्या रुग्णाचे रक्त पुसून होते न होते तोच पुढचा फोन येतो. अनेक ठिकाणी त्यांची पाळी बारा तासांची असते. दिवाळी, गणपती, रंगपंचमी हे दिवस आपणांस सुट्टीचे, तर त्यांना अधिक कामाचे असतात.

या माणसांच्या मनाचाही विचार करावयास हवा. ज्यास वाचविण्यासाठी जिवाचे रान केले तो वाटेत गेला, तर त्याचे दुःख करण्यास त्यांना सवड नसते. कधी उशीर झाला म्हणून नातेवाईक त्यांच्यावरच धावून जातात. १ एप्रिल २०२० रोजी, कोरोनाच्या साथीत, आपल्याच इंदुरातील टाटपट्टी बाखल भागात तपासणीस गेलेल्या आरोग्य पथकावर दगडफेक झाली. त्या पथकातील दोन महिला डॉक्टर जखमी झाल्या, आणि दुसऱ्याच दिवशी त्या आपल्या कामावर पुन्हा हजर झाल्या. त्या साथीत रुग्णवाहिकेचे कर्मचारीही अंगभर आवरण चढवून वैशाखाच्या उन्हात रुग्ण वाहत होते. घरी परतल्यावर स्वतःच्या मुलांना जवळ घ्यावे की नाही, हा प्रश्न त्यांच्यापुढे रोज उभा असे.

त्यांच्या नोकरीची स्थितीही वाचकांस ठाऊक असावी. ही सेवा शासनाच्या पैशाने चालते. परंतु ती प्रत्यक्ष चालविण्याचे काम ठराविक मुदतीच्या निविदेने निवडलेल्या कंपनीकडे असते. मुदत संपून कंपनी बदलली की आपली नोकरी, पगार व पाळी यांचे काय होणार, ही चिंता कर्मचाऱ्यांना असणे साहजिक आहे. शिकून तयार झालेला तंत्रज्ञ पाच-सात वर्षांनी हे काम सोडून गेला, तर त्याच्याबरोबर त्याचा अनुभवही जातो, आणि ती हानी नवी गाडी विकत घेऊन भरून येत नाही. या दृष्टीने २०२१ सालचा एक कायदा महत्त्वाचा आहे. आरोग्यसेवेशी संलग्न अशा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग नेमणाऱ्या त्या कायद्याने आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ यासही एक मान्य व्यावसायिक म्हणून स्थान दिले. त्याच्या शिक्षणाची पातळी सर्व देशभर सारखी असावी आणि त्याचे नाव अधिकृत पटावर नोंदले जावे, असा त्यामागील हेतू आहे. ज्याचे नाव पटावर आले त्याचे वृत्तही पुढेमागे लिहिले जाईल, अशी आशा करावयास जागा आहे.

आता उरला आपला, म्हणजे रस्त्यावरील नागरिकांचा वाटा. पूर्वी अपघातग्रस्तास हात लावावयास लोक भीत. पोलीस चौकशी आणि कोर्टाच्या खेपा मागे लागतील असे त्यांना वाटे. इस्पितळेही कधी कधी कायद्याची सबब सांगून रुग्णास दुसरीकडे धाडीत. स्कूटरवरून जाणाऱ्या एका जखमी माणसास अशाच रीतीने दूरच्या इस्पितळाकडे पाठविल्याने वाटेत मरण आले, आणि त्यावरून चाललेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये असा निर्णय दिला की, सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरने आधी प्राण वाचविण्याचे काम केले पाहिजे. २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने मदत करणाऱ्या नागरिकास त्रास होऊ नये यासाठीचे नियम बंधनकारक केले. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन हे संरक्षण कायद्यातच आले. अपघातानंतरचा पहिला तास हा 'सुवर्ण तास' म्हणून त्याच दुरुस्तीने नमूद केला. आणि रुग्णवाहिकेस वाट न देणाऱ्यास १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा ठरविण्यात आल्या.

परंतु वाट देण्याची बुद्धी शिक्षेच्या भयाने यावी हे आपल्या शहरास शोभत नाही. इंदूर याहून चांगले वागू शकते, हे त्याने दाखविलेले आहे. मेंदू मृत झालेल्या व्यक्तीच्या नातेवाइकांनी अवयवदानास संमती दिली म्हणजे तो अवयव ठराविक वेळेत दुसऱ्या इस्पितळात किंवा विमानतळावर पोहोचवावा लागतो. त्यासाठी पोलीस चौकाचौकांत रहदारी थांबवून सबंध रस्ता मोकळा करतात. यास 'ग्रीन कॉरिडॉर' म्हणतात. इंदुरात असा पहिला मार्ग २०१५ मध्ये तयार झाला, आणि त्यानंतर तो पन्नासाहून अधिक वेळा तयार करण्यात आला. त्या वेळी हजारो माणसे थांबतात आणि कुरकुर करीत नाहीत. पोलीस उभे असताना जे आपण करतो, ते ते नसतानाही केले, तर प्रत्येक रुग्णवाहिकेस थोडासा ग्रीन कॉरिडॉर रोजच मिळेल. भोंगा ऐकू येताच घाबरून मध्येच थांबू नये. आरशात पाहून शांतपणे डावीकडे व्हावे, आणि गाडी पुढे गेल्यावर तिच्या मागे लागून आपली वाट साधू नये.

दुसरी गोष्ट शिकण्याची आहे. हृदय थांबले की चार ते सहा मिनिटांत मेंदूस इजा होऊ लागते. अत्यंत तत्पर रुग्णवाहिकेसही एवढ्या वेळात प्रत्येक घरी पोहोचणे शक्य नसते. त्या मिनिटांत रुग्णाजवळ जो उभा असेल तोच त्याचा तंत्रज्ञ. माणूस हाकेस ओ देत नाही आणि नीट श्वास घेत नाही असे दिसले तर आधी १०८ किंवा ११२ वर कळवावे. मग छातीच्या मध्यभागी एका हातावर दुसरा हात ठेवून, कोपर ताठ ठेवून, पाच ते सहा सेंटीमीटर खोल, मिनिटास १०० ते १२० या गतीने दाबावे आणि मदत येईपर्यंत थांबू नये. प्रौढ माणसासाठी ही कृती असून ती केवळ वाचून येत नाही. शिकविलेल्या माणसाकडून पुतळ्यावर करून पाहावी लागते. आपल्या शाळेत वर्षातून एक दिवस या शिक्षणासाठी राखून ठेवावा आणि ते देण्यासाठी रुग्णवाहिका-सेवेतील एखाद्या तंत्रज्ञास सन्मानाने बोलवावे, अशी सूचना आम्ही येथे नम्रपणे करतो.

शेवटी एक विनंती आमच्या लहान वाचकांना. गंमत म्हणून १०८ हा क्रमांक कधीही फिरवू नका. तुम्ही हसून फोन ठेविता, तेव्हा भोपाळातील एक माणूस गाडी कोठे पाठवावी याचा शोध घेत असतो, आणि त्याच क्षणी महूजवळच्या एखाद्या खेड्यातील बाप आपला फोन लागण्याची वाट पाहत असतो. उलट, कधी रुग्णवाहिका तुमच्या दारी आली आणि आपले माणूस सुखरूप घरी परतले, तर त्या दोघा कर्मचाऱ्यांची नावे विचारून ठेवा आणि पुढील वर्षी आमच्याकडे चार ओळी लिहून पाठवा. त्यांची परवानगी घेऊन आम्ही त्या आनंदाने छापू.